परक्याचं पुडकं आणि आपली भीड

आखातातल्या एखाद्या विमानतळावर मुंबईचं माणूस पकडलं गेलं, अशी बातमी आली की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. "अक्कल गहाण ठेवली होती का?" "पैशासाठी काहीही करतात ही लोकं." आणि हमखास एक, "दुसऱ्याचं सामान कोण नेतं हो आजच्या काळात?"

हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण घरातलं कोणी येत्या वर्षभरात दुबई, दोहा, शारजा, मस्कत, सिंगापूर यातल्या कुठल्याही विमानतळावर उतरणार असेल, नुसतं विमान बदलणार असेल तरी, शेवटपर्यंत वाचा.

दुसऱ्याचं सामान कोण नेतं? सगळे नेतात. तुम्हीही नेलंय. "तू जातोच आहेस तर आमच्या बंड्याला एवढी चकली दे." "वहिनी, बॅगेत जागा असेल तर ह्यांच्या गोळ्या टाका ना." नाही म्हटलं तर चाळभर बोभाटा, की जायच्या आधीच शिंगं फुटली. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. परदेशातल्या विमानतळावर ती तुरुंगाचीही बहीण निघू शकते, एवढंच मला सांगायचंय. आणि ज्या पोराकडे ही भीड मोडायची ताकदच नाही, त्याला एकट्याला दोष देऊन आपण मोकळे होतो, हेही सांगायचंय.

माझं ट्रॉम्बेला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिकिटाच्या प्रिंट, वेब चेक-इन, पासपोर्टची अपॉइंटमेंट, हे रोजचं काम. आमच्या भागात विमानाने जाणारे दोन प्रकारचे लोक आहेत. अणुशक्तीनगरातले निवृत्त काका-काकू अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला जातात, दोहा किंवा दुबईला विमान बदलतात. आणि चीता कॅम्प, पायलीपाडा, कोळीवाडा इथली पोरं आखातात कामाला जातात. एसी मेकॅनिक, ड्रायव्हर, वेल्डर, हॉटेलात वेटर. दोघांच्या प्रिंट एकाच प्रिंटरमधून निघतात. विमानतळही पुष्कळदा एकच असतो. भीती मात्र वेगवेगळी. काकूंना भीती गेट सापडेल का याची. पोराला भीती एजंट नाराज होईल का याची.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही.

आमच्याच गल्लीतला तेवीस वर्षांचा पोरगा. पहिली नोकरी, दोहाला. आईने सोनं मोडून पैसे उभे केले. ज्या दिवशी पहाटेचं विमान, त्याच्या आदल्या रात्री अकराला एजंटाचा माणूस दारात. हातात खाकी टेपने बांधलेलं पुडकं. "यात दोन सदरे आणि एका चाचांची औषधं आहेत. बाहेर आलास की आमचा माणूस घेऊन जाईल." पोरगा हो म्हणाला. म्हणणारच. ज्या माणसाच्या हातात त्याचा व्हिसा, त्याची नोकरी आणि आईचं मोडलेलं सोनं, त्याला तो रात्री अकराला नाही म्हणणार होता का?

त्याच्या आईला मात्र झोप लागेना. ती बारा वाजता माझ्याकडे आली. "दादा, एकदा बघ ना रे काय आहे ते." आम्ही तिघांनी बसून टेप कापली. सदरे होते. खाली रबर लावून बांधलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, ना खोका, ना डॉक्टरची चिठ्ठी, ना कोणाचं नाव. नाक्यावरचा मेडिकलवाला शटर ओढत होता, त्याला थांबवून दाखवल्या. त्याने एक पट्टी उलटी केली आणि म्हणाला, "ही ट्रॅमाडॉल आहे. चिठ्ठीशिवाय मीच विकू शकत नाही. हा विमानातून घेऊन चाललाय?"

ट्रॅमाडॉल म्हणजे दुखण्यावरची जोरकस गोळी. भारतात २०१८ पासून ती अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. आखातात तिच्यावर कडक नियंत्रण आहे. इजिप्तमध्ये २०१७ साली एका ब्रिटिश बाईला तिच्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी नेलेल्या अशा २९० गोळ्यांपायी तीन वर्षांची शिक्षा झाली. ती बाई म्हणत राहिली की मला माहीत नव्हतं. कोर्टाने ऐकलं नाही.

आम्ही पुडकं त्याच रात्री परत केलं. एजंटाचा माणूस चिडला. "तुमच्यासारख्यांना पाठवायचंच नाही," म्हणाला. पोराचा चेहरा पांढरा पडला. पण विमान गेलं, पोरगा पोचला, कामाला लागला.

आता खरं सांगतो. त्या गोळ्या खरंच कोणा आजारी चाचांच्या असतील. मला आजही माहीत नाही. असू शकतात. पण दोहाच्या स्कॅनरला चाचा दिसत नाहीत. त्याला बॅग दिसते आणि बॅगेच्या टॅगवरचं नाव दिसतं.

"आमच्या ओळखीतलेच आहेत, फसवणार नाहीत," असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतल्याच दोन गोष्टी. दोन्ही पेपरात आलेल्या.

पहिली २०१९ च्या जुलैची. मुंबईचं एक तरुण जोडपं फिरायला दोहाला गेलं. बाई गरोदर. सहलीची भेट देणारी नवऱ्याची आत्या-मावशीतली बाई, म्हणजे घरचीच. तिने एक पाकीट दिलं, ओळखीच्यांना द्यायला जर्दा आहे म्हणाली. हमद विमानतळावर त्यातून चार किलोंच्या आसपास चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा आणि वर प्रचंड दंड. बाळाचा जन्म कैदेत झाला. इकडे मुंबईत घरच्यांनी घरी राहिलेल्या फोनमधली संभाषणं शोधली, अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे खेटे घातले, इथे तपास झाला, दूतावासामार्फत पुरावा तिकडे पोचला. तेव्हा कुठे २०२१ साली ते निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये मुंबईला परतले. जवळजवळ एकवीस महिने. निर्दोष माणसांचे.

दुसरी २०२३ च्या एप्रिलची. मुंबईची एक अभिनेत्री ऑडिशन आहे म्हणून शारजाला गेली. जाताना तिच्या हातात एक ट्रॉफी दिली गेली. ट्रॉफीत गांजा. नंतर मुंबई पोलिसांनी इथे दोघांना अटक केली आणि सांगितलं की जुन्या भांडणाचा सूड म्हणून तिला अडकवलं होतं. तीही सुटून परत आली. ती इंग्रजी बोलणारी, शिकलेली, दुनियादारी माहीत असलेली मुलगी होती. मग "अक्कल नव्हती का" म्हणणाऱ्यांनी सांगावं, ट्रॉफी बघून तुम्हाला काय कळलं असतं?

दोन्ही ठिकाणी सुटका का झाली, हे नीट बघा. तिकडच्या कोर्टाला "मी निष्पाप आहे" हे पटलं म्हणून नाही. मागे घरचे होते. त्यांना वकील, पोलीस, अधिकारी गाठता आले, इकडे गुन्हा उघड झाला आणि पेपरांनी बातमी उचलली. आमच्या गल्लीतल्या त्या पोराची आई कोणाला गाठणार होती? परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत, असं सरकारनेच २०२५ साली संसदेत सांगितलं. सगळे काही पुडक्यावाले नाहीत, सगळे निर्दोषही नाहीत. पण त्यांतल्या किती जणांच्या मागे खेटे घालणारं कोणी असेल, याचा विचार करा.

"मला माहीत नव्हतं" हे कायद्याला पुरत नाही, आणि हे फक्त आखातातलं नाही. सिंगापूरचा कायदा असं धरूनच चालतो की ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याला तो काय आहे हे माहीत होतं. माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. तिथे ठरावीक वजनापुढे फाशी आहे. आणि आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही जाणीव गृहीत धरणारं कलम आहे. म्हणजे तिकडचे लोक फार निर्दयी आणि आपण फार दयाळू, असंही नाही.

आता कामाचं बोलू. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगतो ते इथे लिहितो. कापून ठेवा, फॉरवर्ड करा.

१. स्वतः विकत घेतलेलं किंवा स्वतःच्या घरात बनवलेलं तेवढंच बॅगेत. "उघडून बघितलं" हे पुरेसं नाही. ट्रॉफी उघडून काय दिसणार? चपलेचा तळ, बॅगेचा दुहेरी तळ, लोणच्याची बरणी, काहीही असू शकतं. कोणाला काही पाठवायचंच असेल तर म्हणा, "पैसे द्या, मी दुकानातून घेऊन देतो." हे म्हणायला सोपं आहे आणि यात कोणाचा अपमान होत नाही.

२. बॅग स्वतः भरा, आदल्या दिवशी भरा, कुलूप लावा. विमानतळावर कोणी "माझं वजन जास्त होतंय, एवढी पिशवी धरता का" म्हटलं तर नाही. बाई असो, म्हातारी असो, कडेवर पोर असो. मदत करायचीच असेल तर काउंटरवरच्या माणसाला बोलवा.

३. औषधं स्वतःच्या नावाची, मूळ खोक्यात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, नुसतं ब्रँडचं नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि घाबरेपणावरच्या काही गोळ्या यांना अमिरातीत तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते. ती ऑनलाइन मिळते. शेजारच्या चाचांची औषधं चाचांच्या मुलाने तिकडे डॉक्टरला दाखवून घ्यावीत. कठोर वाटेल, पण तेच बरोबर.

४. खसखस नाही. हे वाचून सगळे हसतात. गेल्या दिवाळीत कोळीवाड्यातल्या एक काकी दुबईच्या मुलासाठी अनारसे घेऊन आल्या, कोणाबरोबर पाठवता येतील विचारायला. मी म्हटलं, "काकी, वर खसखस आहे, नका पाठवू." त्या म्हणाल्या, "मेल्या, अनारशाला काय पोलीस धरतात?" हो काकी, धरू शकतात. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून अमिराती, सौदी, सिंगापूर इथे तिला बंदी आहे. नुसती खसखस नको, खसखस घातलेला मसाला नको, अनारसेही नकोत. काकींनी दुसऱ्या दिवशी शंकरपाळे आणले.

५. "आम्ही नुसतं विमान बदलणार, बाहेर पडणारच नाही" हा अणुशक्तीनगरातला लाडका गैरसमज. विमानतळ त्या देशाचा, कायदा त्या देशाचा. विमान बदलतानाही हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी होते. अमेरिकेला जाताना दोहात थांबणाऱ्या काकूंच्या पर्समधल्या गोळ्यांनाही वरचा नियम लागू आहे.

६. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचं काही असेल तर फॉर्मवर किंवा विचारल्यावर "आहे" सांगा. सांगितलं तर फार फार तर वस्तू काढून घेतील. लपवलं आणि सापडलं तर दंड आहे. ऑस्ट्रेलियात तर व्हिसावरही गदा येऊ शकते. अमेरिकेत पुढे देशांतर्गत विमान असेल तर पहिल्या शहरातच बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते. बॅग आपोआप पुढे जाईल म्हणून बसून राहू नका.

७. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घालू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून इथेच काढून घेतात. पॉवर बँक उलट, ती हातातल्या सामानातच, मोठ्या बॅगेत नाही. या दोन गोष्टींपायी सहारला लोकांच्या बॅगा उघडाव्या लागतात आणि मग घाईत नको ते होतं.

८. काही झालंच, बाजूला घेतलंच, तर आवाज चढवू नका, पैसे देऊ करू नका, आणि जी भाषा वाचता येत नाही त्या कागदावर समजल्याशिवाय सही करू नका. एकच वाक्य पाठ करून जा: "मला भारतीय दूतावासाशी बोलायचं आहे." हे उपकार मागणं नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारातला तो हक्क आहे. दुबईत आपला कौन्सुलेट आहे, दूतावास अबुधाबीत. अमिरातीत भारतीयांसाठी फुकट हेल्पलाइन आहे, ८००४६३४२. इकडे घरच्यांनी परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर त्याच दिवशी तक्रार टाकायची. कोण काय बोललं, काय पाठवलं ते मेसेज पुसू नका. दोहाच्या जोडप्याला तेच कामी आलं.

एवढं सगळं सांगून झालं की मला माझ्याच यादीचा राग येतो. कारण पहिला मुद्दा पाळायचा म्हणजे "नाही" म्हणायचं. काकूंना नाही म्हणणं जड जातं, पण त्या म्हणू शकतात. फार तर सोसायटीत चार दिवस तोंडं वाकडी होतील. त्या पोराला नाही म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. हा फरक "अक्कल" नावाच्या गोष्टीने भरून निघत नाही.

तो भरून काढायचं काम कोणाचं? कागदावर व्यवस्था आहे, नाही असं नाही. नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, असा नियम आहे. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जायला सरकारची परवानगी लागते. जाण्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षणही आहे. पण व्हिजिट व्हिसावर पाठवलेला पोरगा या सगळ्याच्या बाहेर. त्याला ना परवानगी, ना प्रशिक्षण, ना विमा. त्याचं प्रशिक्षण म्हणजे रात्री अकराला आलेलं पुडकं.

आणि विमानतळावर काय आहे? सहारचं टी-टू २०१४ साली उघडलं तेव्हा त्याच्या भिंतींवरच्या कलाकृतींचं केवढं कौतुक झालं. छानच आहेत. त्याच भिंतीवर, रांग सुरू होण्याच्या आधी, माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरात मराठी, हिंदी, उर्दू आणि तमिळमध्ये एक फलक का असू नये? "दुसऱ्याने दिलेलं काही बॅगेत आहे का? इथे ठेवा. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही." काउंटरवर "बॅग तुम्हीच भरली का" असं विचारतात, पण ते भराभर, इंग्रजीत, आणि पोरगा घाबरून "येस, येस" म्हणतो. त्या येसला काय अर्थ आहे?

माझी मागणी साधी आहे. एक, चेक-इनच्या आधी असा फलक आणि असा एक पेटारा, जिथे माणूस शेवटच्या क्षणीसुद्धा परक्याचं पुडकं सोडू शकेल. दोन, पासपोर्टबरोबर घरी येणाऱ्या पाकिटात मराठीतला एक कागद. एवढंच. तीन, नोंदणीकृत एजंटाने कामगाराच्या हातात कसलंही सामान दिलं तर परवाना जाणार, हे त्याच्या परवान्यावरच लिहा. म्हणजे उद्या एखादा पोरगा एजंटाला सांगू शकेल, "शेठ, मी नेलं असतं, पण तुमचंच लायसन्स जाईल." त्याला नाही म्हणायला कायद्याचा आडोसा द्या. गरिबाला धैर्य शिकवण्यापेक्षा आडोसा देणं स्वस्त पडतं.

काही जण म्हणतील, असा पेटारा ठेवला तर चरसवाले त्याचाच फायदा घेतील, माल टाकून पळून जातील. जाऊ देत की! माल विमानात गेला नाही, पोरगा तुरुंगात गेला नाही. यात नुकसान कोणाचं झालं?

आणखी काही जण म्हणतील, मग माणुसकीच संपली. परदेशातल्या पोराला आईच्या हातचं खायला मिळू नये का? मिळावं. मी पण कोळीवाड्याच्या शेजारी वाढलो. सुक्या बोंबलांचं पुडकं दुबईला पोचलं की खोलीतली आठ पोरं कशी गोळा होतात, ते मला फोनवर ऐकवतात. कुरिअरचे पैसे गरिबाला परवडत नाहीत, म्हणून तर हे हातोहात पाठवणं सुरू झालं. ते बंद व्हावं असं मला वाटत नाही. पण आई आपल्या पोराच्या हातात देते ते पुडकं वेगळं, आणि एजंट दुसऱ्याच्या पोराच्या हातात देतो ते वेगळं. ज्याला यातला फरक कळत नाही त्याने माणुसकीवर बोलू नये.

त्या पोराचा परवा फोन आला होता. कंपनीतलाच एक जण सुट्टीवर मुंबईला येतोय, तर याने आईसाठी त्याच्याबरोबर अत्तराची बाटली पाठवू का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "त्याला दुकानात घेऊन जा, त्याच्यासमोर विकत घे, बिल त्याच्या हातात दे." तो हसला. म्हणाला, "दादा, मी त्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, तू फार शहाणा झालास."

तुमच्या घरातलं कोणी जाणार असेल तर जायच्या आदल्या रात्री त्याच्या दारात कोण येतंय ते बघा. नाही म्हणायला त्याला जड जात असेल तर तुम्ही म्हणा. वाईटपणा तुम्ही घ्या. वरच्या आठ मुद्द्यांचा कागद मी दुकानात छापून ठेवलाय, मराठीत आणि हिंदीत, पैसे नाहीत. ट्रॉम्बेच्या बाहेरचे असाल तर ही पोस्ट कॉपी करा आणि घरच्या ग्रुपवर टाका. माझं नाव घातलं नाही तरी चालेल.